मंडळीचे ओझे एकट्याने वाहू नये

आधारवचन : निर्गम १८ : १३–२७. सोबत वाचावे : गणना ११ : १६–३० आणि प्रेषितांची कृत्ये ६ : १–७.



नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून फिरताना एक देखावा आमच्या दृष्टीस वारंवार पडतो. रविवारी सकाळी मंदिराचे कुलूप जो उघडतो, तोच सतरंजी अंथरतो, तोच घंटा वाजवितो, तोच गीत सुरू करितो, तोच शास्त्रपाठ वाचितो, तोच उपदेश करितो, तोच दान गोळा करितो, तोच ते मोजतो आणि तोच वहीत लिहितो. दुपारी कोणाच्या घरी नवराबायकोचे भांडण झाले, तर तोच मध्ये पडतो. सायंकाळी कोणी आजारी पडले, तर तोच गाडी काढून तालुक्याच्या गावी नेतो. मंडळीचे लोक मोठ्या कौतुकाने म्हणतात, "आमच्या पाळकांसारखा कष्टाळू मनुष्य दुसरा नाही." आणि ते म्हणणे खोटे नसते.

अशा सेवकाविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु आदराबरोबर भीतीही वाटते. हा मनुष्य पावसाळ्यात तापाने अंथरुणास खिळला, किंवा त्याची बदली झाली, किंवा प्रभूने त्यास आपणाकडे बोलाविले, तर पुढच्या रविवारी काय होईल? किल्ली कोणाकडे, वही कोठे, प्रभुभोजनाचा प्याला कोणत्या पेटीत, बाप्तिस्म्यांची नोंद कोणत्या पुस्तकात, हे सांगणारा दुसरा कोणी गावात आहे काय? पुष्कळ ठिकाणी ह्याचे उत्तर 'नाही' असे येते. जेथे असे उत्तर येते, तेथील मंडळी उभी दिसते खरी, पण ती एका खांबावर उभी आहे.

एकाच उगमावर सर्वांनी विसंबून राहण्यात काय धोका आहे, हे लातूरकरांस समजावून सांगावयास नको. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, आणि ज्या शहराची तहान त्या धरणावर भागत होती, त्या शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरच्या स्थानकात आली, तिला लोकांनी 'जलदूत' म्हटले. पाणी पाठविणाऱ्यांचे उपकार थोरच होते. परंतु घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबहिणींस त्या दिवसांत एक गोष्ट कळून चुकली, की उगम अनेक असावेत आणि ते सुकाळातच राखावेत. मंडळीचेही तसेच आहे.

आता आपण पवित्र शास्त्राकडे वळू.

मोशे इस्राएल लोकांना मिसर देशातून काढून रानात घेऊन आला होता. त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानाचा याजक होता, तो सिप्पोरेस व तिच्या दोघा मुलांस घेऊन त्याच्या भेटीस आला. जावयाने सासऱ्यास नमन केले, क्षेमकुशल विचारिले, देवाने केलेली सर्व कृत्ये सांगितली, आणि दोघांनी वडीलमंडळींसह देवासमोर भोजन केले. दुसऱ्या दिवशी सासऱ्याने काय पाहिले? मोशे एकटा बसला आहे आणि सारे लोक त्याच्या भोवती सकाळपासून सायंकाळपर्यंत उभे आहेत. कोणाचे गुरे चोरल्याचे गाऱ्हाणे, कोणाचे तंबूच्या जागेचे भांडण, कोणाचा देण्याघेण्याचा तंटा. लहानमोठे सर्व त्या एका मनुष्यापुढे. इथ्रोने विचारिले, हे तू काय चालविले आहेस? मोशेचे उत्तर सरळ होते : लोक देवाची इच्छा विचारावयास माझ्याकडे येतात. ह्या उत्तरात लबाडी नाही. परंतु इथ्रोने स्पष्ट सांगितले, की ही रीत बरी नाही. ह्याने तूही झिजून जाशील आणि हे लोकही झिजून जातील.

वाचकहो, येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही, की इथ्रोने केवळ मोशेची कीव केली नाही. त्यास लोकांचीही कीव आली. पुढारी एकटा थकतो असे आम्ही मानितो, पण त्याच्यासाठी तिष्ठत उभे राहणारेही थकतात. मजुरी बुडवून दिवसभर बसावे आणि सायंकाळी पाळकसाहेब कामात आहेत म्हणून परत जावे, असे किती वेळा घडते! दुसरी ही, की ह्याच्या मागच्याच अध्यायात, अमालेकाशी युद्ध झाले तेव्हा, मोशेचे हात जड झाले होते आणि अहरोन व हूर ह्या दोघांनी ते दोहों बाजूंनी सूर्यास्तापर्यंत धरून ठेविले होते. ज्याने एवढा आधार अनुभविला, तोच लढाई संपताच पुन्हा एकटा बसला! संकटात आपण दुसऱ्याचा हात घेतो, आणि संकट टळले की आपणावाचून कोणाचे चालत नाही असे मानू लागतो. मोशेसारख्या नम्र पुरुषास हा मोह झाला, तर तुम्हांआम्हांस का होऊ नये?

मोशेने सासऱ्याचे ऐकिले, ही त्याची मोठी थोरवी होय. आमच्या समाजात सासऱ्याने जावयाच्या कारभारात बोललेले किती जावयांस रुचते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यातून इथ्रो परका, परदेशचा. आणि मोशे तर देवाशी बोलणारा. तरी त्याने, 'तुम्हांस आमच्या कामातले काय कळते?' असे म्हटले नाही. जो पुढारी कोणाचेच ऐकत नाही, तो काम वाटून देऊ शकत नाही, कारण वाटून घेणाऱ्याचे ऐकावेच लागते.

इथ्रोच्या सल्ल्याचा क्रम पाहिला असता त्यातून आम्हांस सहा बोध घेता येतात.

पहिला बोध : काय वाटू नये, हे आधी ठरवावे. इथ्रोने मोशेकडे तीन कामे राखून ठेविली. लोकांच्या वतीने देवासमोर उभे राहणे, लोकांस देवाचे नियम व चालण्याचा मार्ग शिकविणे, आणि जे कोणास सुटत नाही ते बिकट प्रकरण ऐकणे. ह्यावाचून सर्व काही इतरांस देता येते. आमच्याकडे पुष्कळदा उलट होते. सतरंजी झाडण्यापासून दिव्याचे बिल भरण्यापर्यंत सर्व पाळक करितो, आणि प्रार्थनेस व शास्त्राभ्यासास त्यास वेळ उरत नाही. मग शनिवारी रात्री घाईने एखादे जुने टिपण काढून रविवारी तेच वाचून दाखवितो. यरुशलेमेतील प्रेषितांनी विधवांच्या अन्नवाटपाचे काम सात जणांवर सोपविले, तेव्हा ते काम हलके म्हणून सोपविले नाही. प्रार्थना व वचनाची सेवा ही आपल्या हातून सुटू नये, म्हणून सोपविले. अन्न वाढणे व वचन सांगणे ह्या दोहोंसही मूळ भाषेत सेवा हाच शब्द आहे. म्हणून ज्यास सतरंजीचे काम दिले त्यास कमी लेखू नये.

दुसरा बोध : देण्याआधी शिकवावे. इथ्रोने माणसे निवडावयास सांगण्यापूर्वी, लोकांस नियम व विधी शिकीव, असे सांगितले. हा क्रम आम्ही विसरतो, आणि येथे आम्हांस आमचीच एक चूक कबूल करणे भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान मंडळीची देखरेख आमच्याकडे होती. सुगीच्या सणाचे दान आले होते. काही रोख रक्कम, ज्वारी, तूर आणि दोन कोंबड्या. आम्हांस त्याच दिवशी दुसऱ्या गावी जावयाचे होते. मंडळीत एक होतकरू तरुण होता, शाळा शिकलेला आणि गळ्याचा गोड. आम्ही त्याच्या हाती थैली व वही दिली, "आजपासून हे तुझ्याकडे," एवढे म्हटले, आणि निघून गेलो. वही कशी लिहावी, धान्य कोणासमक्ष विकावे, हे सांगितले नाही. जोडीस दुसरा कोणी दिला नाही. चार महिने एकदाही विचारिले नाही. मग एके दिवशी हिशेब मागितला तो रक्कम कमी भरली. आईच्या औषधास लागली म्हणून उसनी घेतली, तूर विकली की भरणार होतो, असे तो म्हणाला. आम्ही त्यास एकांतात घेतले नाही. भर सभेत, त्याच्या आईसमक्ष, जाब विचारिला. पुढच्या रविवारी त्याने सर्व पैसे आणून मेजावर ठेविले, आणि तो निघून गेला. त्यानंतर तो उपासनेस आला नाही. आजवर आला नाही. त्याची आई मात्र अजून येते, बायकांच्या बाजूस भिंतीशी बसते, आणि आम्ही गेलो असता "सलाम, पाळकसाहेब" म्हणून आमच्या प्रकृतीची विचारपूस करिते. तिने आम्हांस कधी दोष दिला नाही.

त्या तरुणाने मंडळीच्या पैशास हात लावावयाचा नव्हता, हे खरे. परंतु ज्यास पोहणे शिकविले नाही, त्यास विहिरीत ढकलून देणे आणि तो गटांगळ्या खाऊ लागताच काठावरून रागावणे, हे कोणत्या शहाणपणात बसते? आम्ही त्या दिवशी काम वाटून दिले असे आम्हांस वाटत होते. वस्तुतः आम्ही ते टाकून दिले होते.

शेतकऱ्यास हे अधिक चांगले कळते. आता ट्रॅक्टर गावोगाव झाले, तरी ज्यांनी औत हाकले आहे त्यांना आठवत असेल, की कोवळा गोऱ्हा पहिल्याच दिवशी एकटा किंवा दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नसत. त्यास जुन्या, शांत बैलाच्या जोडीस लावीत. जुना बैल वळण जाणतो, तासावर चालतो, आणि गोऱ्हा त्याच्या खांद्याला खांदा लावून शिकतो. प्रभू येशूनेही तसेच केले. मार्काच्या शुभवर्तमानात पाहा : त्याने बारा जणांस प्रथम आपल्या सोबत राहावे म्हणून नेमिले, मग दोघा-दोघांस पाठविले, ते परत आल्यावर त्यांनी केलेले व शिकविलेले सर्व ऐकून घेतले, आणि मग त्यांस एकांत स्थळी विसाव्यास नेले. सोबत ठेवणे, जोडीने पाठविणे, परतल्यावर ऐकणे, विसावा देणे. ह्या चारांतील एकही गोष्ट आम्ही त्या तरुणासाठी केली नव्हती.

तिसरा बोध : माणसे कशी निवडावी. इथ्रोने चार लक्षणे सांगितली. ती माणसे कर्तबगार असावी, देवाला भिणारी असावी, सत्यप्रिय असावी, आणि अन्यायाच्या लाभाचा त्यांना तिटकारा असावा. ह्या यादीत श्रीमंती नाही, मोठे घराणे नाही, पुढाऱ्याचे नाते नाही. शमुवेलासारख्या पवित्र पुरुषाने आपल्या दोघा मुलांना बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमिले, आणि त्यांनी लाच घेऊन न्याय विपरीत केला, असे शास्त्र लपवून ठेवीत नाही. आमच्या मंडळ्यांत खजिनदार पाळकाचा भाऊ, चिटणीस पाळकाचा मेहुणा आणि शब्बाथशाळेची शिक्षिका पाळकाची सून, असे जेथे झाले आहे, तेथे काम वाटले गेले असे कोणी म्हणू नये. ते एकाच घरात राहिले.

आणखी एक गोष्ट. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे हीच हकीकत सांगतो तेव्हा म्हणतो, की माणसे निवडून आणावयास आपण लोकांनाच सांगितले आणि मग त्यांची नेमणूक केली. यरुशलेमेतही मंडळीने सात निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेविले. मंडळीने निवडावे आणि पुढाऱ्याने अधिकार द्यावा, ह्या दोहोंची तेथे सांगड आहे. ती सात नावे वाचून पाहा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ही सर्व हेल्लेणी नावे आहेत. गाऱ्हाणे कोणाचे होते? हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते, असे. मंडळीने भांडार त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती दिले! ज्यांची आबाळ होत होती त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि लूक लिहितो की त्यानंतर वचनाचा प्रसार झाला. आमच्या मंडळीत कोणाची आबाळ होते? बायकांची? ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची? गावाबाहेरच्या नव्या वस्तीची? कारभाऱ्यांच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी बसतो काय?

ह्याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर घडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. पूर्ण पडलेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु ज्यांची घरे तडकली पण पडली नाहीत, अशी गावे हजाराहून अधिक होती. तेथे सरकारने घरांची दुरुस्ती घरमालकांच्या हाती सोपविली. इतक्या गावांत प्रत्येक घरी सरकारी मनुष्य कसा पोहोचणार? तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेच्या द्वारे गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. अनुदान कसे मिळते, भिंत बळकट कशी करावी, सामान नीट आले की नाही, हे त्या घरोघर जाऊन सांगू व पाहू लागल्या. ज्यांना चारचौघांत बोलण्याची सवय नव्हती, त्या इंजिनिअरास प्रश्न विचारू लागल्या. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा ह्याच भागातील बायका तेथील बायकांच्या मदतीस गेल्या. जी कालपर्यंत मदत घेणारी होती, ती मदत देणारी झाली. ह्यास कारण काय? कोणी तरी तिला काम शिकविले आणि तिच्यावर विश्वास टाकला. सरकारास हे जमले. ख्रिस्ताच्या मंडळीस का जमू नये?

चौथा बोध : शक्तीप्रमाणे वाटावे. इथ्रोने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमावयास सांगितले. सर्वांस सारखे ओझे दिले नाही. दहांवरचा नायक हा काही लहान मनुष्य नव्हे. दहा जणांची नावे, त्यांची मुलेबाळे, त्यांची दुखणी त्यालाच ठाऊक असतात. आपल्या मंडळीत दहा घरांमागे एक भाऊ किंवा एक बहीण नेमिली, आणि कोणाकडे आजारपण आहे, कोण दोन रविवार आले नाही, कोणाच्या मुलाची शाळा सुटली, एवढेच पाहण्याचे काम तिला दिले, तर पाळकाचे निम्मे ओझे उतरेल. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधिला तेव्हाही कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच भाग दिला होता. कारण स्वतःच्या दारापुढची भिंत कच्ची राहावी असे कोणास वाटेल? आमच्याकडे शेतात सावड करितात, म्हणजे आज याच्या रानात सर्वांनी राबावे, उद्या त्याच्या. सावडीत कोणी मालक नसतो आणि कोणी रिकामा बसत नाही. देवाचे शेतही सावडीनेच पिकेल.

पाचवा बोध : पैसा एकट्याच्या हाती देऊ नये. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी नेली, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याच्याबरोबर होता. आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याचे कारणही तो देतो, की ह्या विपुल दानाच्या बाबतीत कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख दिसावा. पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून ही व्यवस्था नव्हती. ती पौलाचे रक्षण होती. दान दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी, महिन्यास मंडळीपुढे वाचून दाखवावे, आणि किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडे वही नसावी. आम्ही त्या तरुणाच्या जोडीस एक वडील मनुष्य दिला असता, तर त्याच्या आईचे औषध मंडळीच्या मदतनिधीतून उघडपणे आले असते, आणि ती गोष्ट तेथेच संपली असती.

सहावा बोध, आणि हा सर्वांत कठीण : दुसऱ्याचे काम फळले असता मत्सर करू नये. गणनेच्या अकराव्या अध्यायात देवाने मोशेवरील आत्म्यातून काही घेऊन सत्तर वडिलांवर ठेविले. त्यांपैकी एल्दाद व मेदाद हे दोघे निवासमंडपाकडे न जाता छावणीतच राहिले, आणि तेथेच संदेश देऊ लागले. यहोशवा मोशेस त्यांना मना करा म्हणाला. मोशेने उलट त्यासच विचारिले, की तू माझ्यासाठी त्यांचा हेवा करितोस काय. आणि परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे झाले तर किती बरे होईल, अशी इच्छा त्याने प्रकट केली. सत्तरांस आत्मा दिल्याने मोशेचा आत्मा उणा झाला असे कोठेही लिहिलेले नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लाविला असता पहिल्याचा उजेड कमी होत नाही.

तथापि हे करणे सोपे नाही, हे आमच्या मराठी मंडळीचा इतिहास सांगतो. अमेरिकन मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३३ साली मंडळी स्थापिली. परंतु हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघा मराठी बंधूंस पाळकपदाची दीक्षा मिळावयास १८५४ साल उजाडले. एकवीस वर्षे! मिशनरी प्रेमळ होते, कष्टाळू होते. पण इकडची माणसे अजून तयार नाहीत, असे त्यांना वाटत होते. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन ह्या देशी आले. इंग्लंडात हेन्री वेन आणि अमेरिकेत ते, अशा दोघांनीही हेच शिकविले, की मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि सुवार्ता आपण पसरवावी. ज्या निजामी राज्यात तेव्हा नांदेड व लातूर होते, त्याच राज्यातील दोर्नकल येथे १९१२ साली व्ही. एस. अझरया हे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीत ह्या पदास चढलेले ते पहिले भारतीय. त्यांनी खेड्यांतील साध्या माणसांतून शिक्षक व पाळक तयार केले. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आपला हात आपल्याच मस्तकावर ठेवून, सुवार्ता न सांगितल्यास आपली दुर्दशा होवो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणावे, अशी त्यांची रीत होती असे सांगतात. त्यांच्या मते ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याच्या वाट्यास काम आलेच. आमच्यात मात्र आज परदेशी साहेब नाही, तरी 'माणसे अजून तयार नाहीत' हे त्याचे जुने वाक्य आमच्याच तोंडी उरले आहे.

आमच्या नांदेडच्या शीख शेजाऱ्यांच्या परंपरेतही ह्या बाबतीत शिकण्यासारखे आहे. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली आनंदपुरास पाच जणांना अमृत दिले, आणि मग त्याच पाचांपुढे उभे राहून स्वतः त्यांच्या हातून ते घेतले, असे ते सांगतात. १७०८ साली नांदेडास गोदावरीकाठी गुरूंचा अंत झाला, तेव्हा त्यांनी कोणा एका मनुष्यास गादीवर न बसविता ग्रंथास गुरू मानावयास सांगितले, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमचा विश्वास निराळा आहे. परंतु ज्यांना आपण अधिकार दिला त्यांच्यापुढे आपणच नम्र होणे, ही गोष्ट ज्याच्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले त्यास परकी वाटू नये.

तर मग, प्रिय पाळकांनो, वडिलांनो आणि कारभाऱ्यांनो, हा लेख वाचून बाजूस ठेवण्यापूर्वी एक कागद घ्या. आपण आठवडाभर करितो ती सर्व कामे त्यावर लिहा. ज्या कामासाठी देवाने आपणांस विशेषेकरून बोलाविले आहे, त्यापुढे खूण करा. ती थोडीच निघतील. उरलेल्या प्रत्येक कामापुढे, प्रार्थना करून, एकेक नाव लिहा, आणि त्यांपैकी निदान दोन नावे बायकांची व दोन तरुणांची असू द्या. मग त्यांस बोलावून काम समजावून सांगा, जोडीस कोणी द्या, आणि पंधरा दिवसांनी चहापाण्यास बसवून कसे चालले आहे ते विचारा. चूक झाली तर एकांतात सांगा. चांगले झाले तर सभेत सांगा. पौलाने मार्कास, एकदा तो काम सोडून गेला म्हणून, पुन्हा बरोबर घेतले नाही, बर्णबाने घेतले, आणि शेवटी बंदिवासात असता पौलानेच तीमथ्यास लिहिले, की मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. बर्णबा नसता तर तो मार्क मंडळीस कसा लाभला असता?

आणि मंडळीच्या सभासदांनो, तुमच्याकडे कोणी काम घेऊन आला असता, "आम्ही अडाणी, आम्हांस काय जमणार, पाळकसाहेब आहेतच की," असे म्हणू नका. तुमच्या पाळकास तुमच्या कौतुकाहून तुमच्या खांद्याची गरज अधिक आहे.

आमच्याविषयी म्हणाल, तर हे लिहिताना आमच्या मनापुढे तो तरुण आहे. आता तो तरुण राहिला नाही. त्याची मुले शाळेस जातात असे त्याची आई सांगते. येत्या सुगीच्या सणापूर्वी त्याच्या घरी जावे, त्याच्या आईसमक्ष, जशी तिच्यासमक्ष त्याची मानखंडना केली तशीच तिच्यासमक्ष, त्याची क्षमा मागावी, असा आम्ही निश्चय केला आहे. हे आम्ही फार पूर्वीच करावयास हवे होते. तो येईल की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. तुम्ही आमच्यासाठी व त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या गावात असा कोणी असेल, ज्याला एकदा काम देऊन आपण एकटे सोडले, तर तुम्हीही त्याच्या दारी जा.

ज्या प्रभूने आपले काम बारा साध्या माणसांच्या हाती सोपविले, आणि ती चुकली तरी त्यांना टाकिले नाही, तो आम्हांस देण्याचे शहाणपण, घेण्याचे धैर्य आणि एकमेकांची ओझी वाहण्याची प्रीती देवो. आमेन.